पाणी न पाजलेली चकमक

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या गच्चीवर एका भावी नगरसेवकाचा चेहरा आडवा बांधलेला असतो. दोन टोकं पाण्याच्या टाकीला, दोन टोकं कपडे वाळत घालायच्या खांबांना. वाढदिवस कधीच होऊन गेला होता, तरी फ्लेक्स चौकात लोंबत होता, तेव्हा मी तो रीतसर विचारून घरी आणला. त्याच्याखाली ऊन लागत नाही, पाऊस गळत नाही, आणि दुकानातल्या तंबूसारखा तो घडी घालताना भांडतही नाही. फक्त खाली उताणं पडलं की साहेब हात जोडून आपल्याकडेच बघत असतात, तेवढी सवय करावी लागते.

हे वेड मला चाळिशीनंतर लागलं. शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्शनला आहे. लोखंडाचा तुकडा मशीनखाली ठेवायचा, हिऱ्याचं टोक त्याच्यावर दाबायचं आणि ते लोखंड किती कडक आहे याचा आकडा वाचायचा, हे माझं काम. आकडा कमी आला की अख्खा लॉट परत. या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, आणि पार्ट पुरवणारे लोक माझ्या माघारी मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

तर एकदा कंपनीच्या बसमधून घरी येताना शेजारच्या बाईच्या मोबाइलवर एक दाढीवाला माणूस दिसला. कुठल्या तरी बर्फाच्या देशातला. काडेपेटीशिवाय जाळ करत होता, सालीची दोरी वळत होता, पत्र्याच्या डब्यात चहा उकळत होता. मी माझा थांबा विसरले आणि पुढच्या थांब्यावर उतरून चालत आले. मला त्या जंगलाचं काही वाटलं नव्हतं. त्याच्याकडे जवळजवळ काहीच नव्हतं आणि तरी त्याचं काहीच अडत नव्हतं, याने मी वेडी झाले. आमच्याकडे एक बोल्ट कमी पडला तर सगळी लाइन थांबते.

मग सुरू झालं. कपड्यांच्या दोरीवर गाठी शिकले. एका ओढीत घट्ट बसणारी, एका ओढीत सुटणारी. रंगाच्या रिकाम्या डब्याला खालून भोकं पाडून चूल केली. दुधाच्या पावडरीच्या डब्याला तारेची कडी लावली, झालं भांडं. नवऱ्याचं जुनं सुती बनियन कापून, बुटाच्या पॉलिशच्या डबीत कोंबून, झाकण लावून गॅसवर ठेवलं. डबीला एक बारीक भोक ठेवायचं, धूर थांबला की उतरवायची. आत कापड जळत नाही, काळंभोर होतं, आणि अशा जळक्या चिंधीवर एक ठिणगी पडली तरी ती धरून ठेवते. मात्र तो धूर थांबेस्तोवर खालच्या मजल्यावरचे काका वायर जळाली म्हणून मेन स्विच बंद करून वर आले होते.

"घरात गॅस आहे, हे तुला माहीत आहे ना?" नवऱ्याने विचारलं.

"आणि माझं बनियन कुठे आहे?" हे त्याने नंतर विचारलं.

त्याची चेष्टा मला चालायची. तो हसायचा आणि गच्चीवरचा धुरकट चहा प्यायलाही यायचा. माझं घोडं अडलं ते मायपाशी.

माझी माय आमच्याकडेच असते, मी तिची एकुलती एक. एका रविवारी मी करमाडच्या बाजूला जाऊन कपाशीच्या पऱ्हाट्या आणि बाभळीच्या वाळक्या काटक्यांचा एक भारा घेऊन आले. कापूस वेचून झाला होता, शेतवाल्याने "न्या की, जाळायच्याच आहेत" म्हणून पऱ्हाट्या दिल्या होत्या. स्कूटीच्या पायाशी भारा ठेवून घरापर्यंत आणला. जिना चढताना एका हातात पिशवी, एका हातात पाण्याचा कॅन, म्हणून भारा सरळ डोक्यावर घेतला आणि कोपराने बेल दाबली.

दार मायने उघडलं. डोक्यावर मोळी घेतलेली मी तिच्यासमोर उभी होते, चांगली घामाघूम आणि खुशीत.

ती बाजूला झाली, आत गेली, पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली. मी भारा गच्चीवर टाकून खाली आले तेव्हा म्हणाली, "हेच बघाया तुला शिकवलं व्हय मी?"

मायचं गाव करमाडच्या पुढे आत आहे. दहा वर्षांची असल्यापासून ती माळावर सरपण वेचायची, मोळी बांधायची आणि चार कोस चालत करमाडला विकायची. लग्न झालं तरी तेच, मी झाले तरी तेच. तिच्या डोक्याला तेल लावताना टाळूवर माझं बोट अजून थांबतं, चुंबळ ठेवायची त्या जागी केस विरळ आहेत आणि कवटी थोडी बसकी लागते. पुढे तिला शहरात एका शाळेत शिपायाची नोकरी लागली, आम्ही इकडे आलो, मी डिप्लोमा केला. पहिल्यांदा घरात गॅस आला त्या दिवशी तिने मागच्या दारची मातीची चूल बत्त्याने फोडली होती. मी लहान होते, मला वाटलं होतं माय चिडली आहे. ती चिडली नव्हती, नाचायची तेवढी बाकी होती.

आणि त्या बाईच्या दारात मी हौसेने मोळी घेऊन उभी राहिले.

मी तेव्हा शहाण्यासारखं गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव आडवा. "ते वेगळं आणि हे वेगळं, माय! तुला पोटासाठी करावं लागलं. मी हौसेनं करते."

"हौस?" ती वळली. "सरपणाची हौस? आजपर्यंत लई हौशी बघितल्या. काट्यात हात घालायची हौस नव्हती बघितली."

"तुला माझं कुठलं सुख बघवतच नाही!" मी ओरडले. हे वाक्य तोंडातून निघालं तेव्हाच मला त्याची लाज वाटली. पण निघालं ते निघालं.

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भाकरी थापायची, ताट पुढे सरकवायची, विहारातून आली की सरळ आपल्या खोलीत. मला रडायला यायचं आणि रागही यायचा. मला हौस सोडायची नव्हती आणि मायही दुखवायची नव्हती. मला फक्त तिने एकदा बघावं असं वाटत होतं. माझ्या हातात ठिणगी येते तेव्हा मी कशी होते, ते तिने बघावं.

पाचव्या दिवशी तिने आपणहून तोंड उघडलं. "एकदा येते. काय करतीस ते बघते. पण एका काडीला हात लावणार नाय मी. अन् काडेपेटीबिगर करते म्हणतीस ना? मंग काडेपेटी न्यायची नाय. चहा झाला तर झाला. नाय झाला, तर हे समदं गाठोडं भंगारवाल्याला. पुन्यांदा या घरात मोळी दिसाया नको."

"आणि झाला तर?"

"झाल्यावर बघू."

"कबूल," मी म्हटलं. मला इतका आनंद झाला की मी त्याच पावली गच्चीवर जाऊन साहेबांना खाली उतरवलं आणि त्यांची घडी घालून ठेवली.

मला माझ्या चकमकीचा भरवसा होता. आमच्या भागात गारगोट्यांना तोटा नाही. कुठल्याही माळावर जा, पांढऱ्या, निळसर, धारदार फुटणाऱ्या गारगोट्या पायाला लागतात. तिच्यावर घासायला हवं कडक पोलाद, आणि कानशीइतकं कडक पोलाद दुसरं नाही. टूलरूमच्या भंगारात गुळगुळीत झालेल्या कानशी पडलेल्या असतात. सुपरवायझरला सांगून मी एक घेतली, तुकडा तोडला, गच्चीवर बसून गारगोटीवर ओढला आणि अशा ठिणग्या उडाल्या म्हणून सांगू! लालपिवळ्या, एकामागून एक. मी जागच्या जागी उड्या मारल्या. तिसऱ्या घावाला चिंधीने ठिणगी धरली, चिंधीवर लाल ठिपका सरकत मोठा झाला, गवताच्या घरट्यात ठेवून फुंकलं आणि भप्पकन जाळ. संध्याकाळ होती, सगळ्या गच्च्यांवर लोक होते, आणि मी एका हातात पेटतं गवत धरून "पेटलं, पेटलं!" ओरडत होते.

एवढ्यावर थांबायला काय हरकत होती? पण माय येणार म्हटल्यावर मला तो तुटका, गंजका तुकडा न्यायला कसंतरी वाटलं. व्हिडिओतल्या चकमकी कशा छान वळलेल्या असतात, चार बोटं आत घालून धरायच्या. मी उरलेली कानस घेऊन आमच्या गल्लीतल्या वेल्डरकडे गेले. त्याने ती गॅसच्या ज्योतीत लालभडक केली, पक्कडीने दोन्ही टोकं वळवून दिली, वाळूत खुपसून ठेवली. "निवू द्या सावकाश, मॅडम," म्हणाला. मी चहा पिऊन आले तोवर निवली होती. घरी आणून पॉलिश पेपरने घासली, आरशासारखी केली. काय देखणी दिसत होती! तुटका तुकडा मी टाकून दिला.

ती वापरून बघितली का? नाही. नव्या साडीची घडी मोडावी तशी तिची घडी मला मायसमोर मोडायची होती. कानस कडक असते हे मला कुणी सांगायला हवं? हातच्या काकणाला आरसा कशाला?

रविवारी मायने विहारातली वंदना आटोपली, पांढरी साडी बदलून साधं लुगडं नेसली आणि आपली पानसुपारीची चंची कमरेला खोचून स्कूटीवर मागे बसली. जानेवारीची सकाळ होती, उन्हात बरं वाटत होतं. जालना रोडला लागलो. शेंद्र्याला कंपनीच्या गेटसमोर मी उगाच हॉर्न वाजवला. माय म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी बी तुला तिथं सलाम ठोकायचा असतो का?" ती बोलली म्हणून मी गाणं म्हणायला लागले. करमाड गेलं, डावीकडे कच्च्या रस्त्याला वळले आणि एका कोरड्या ओढ्यापाशी थांबले. जागा मी आधी हेरून ठेवली होती. माळावर सगळीकडे वाळलं गवत, तिथे ठिणगी म्हणजे गुन्हाच. ओढ्यात मात्र नुसती वाळू आणि दगड.

माय उतरली आणि इकडेतिकडे बघत राहिली. "इथं काऊन आणलंस?"

"का गं?"

"त्यो उतार बघ. तिथून मोळी घेऊन उतरायची मी. ह्या वाळूत टेकायची. दुसरीकुठं टेकलं की पुन्यांदा डोक्यावर घ्याया कुणी मिळायचं नाय. इथं दरडीवर मोळी ठेवायची अन् खालून डोकं लावायचं."

तिचं गाव जवळ आहे एवढं मला माहीत होतं. हा तिचाच ओढा निघेल असं मनातही आलं नव्हतं. "दुसरीकडे जाऊ?" मी विचारलं.

"आता आलो तर आलो," ती म्हणाली, आणि त्याच दरडीच्या सावलीला, एका दगडावर बसली.

मी कामाला लागले. दरडीवरची बोराटी आणि खाली रोवलेल्या दोन काठ्या यांच्यात साहेबांना बांधलं, मायच्या डोक्यावर सावली धरली. तिने वर बघितलं. "ह्यो कोण?"

"भावी नगरसेवक."

"आला होता एकदा मत मागाया. तेव्हा काय सावली दिली नाय त्यानं."

तीन काठ्यांची तिकटी उभी केली, तारेच्या आकड्याला डबा टांगला, त्यात घरून आणलेलं पाणी ओतलं. वाळूत खड्डा करून भोवती दगड लावले. काटक्या जाडीप्रमाणे लावून ठेवल्या, काडीएवढ्या, बोटाएवढ्या, मनगटाएवढ्या. मायचे दोन्ही हात मांडीवर होते, पण तोंड थांबत नव्हतं. "ती निंबाची वली हाय, बाजूला टाक. धूर करंल." "पऱ्हाटी खाली घाल, बाभळ वर." "रानशेणी नाय घेतली? ती काय तिथं पडली." मी पळत जाऊन उन्हात खडखडीत वाळलेलं शेण उचलून आणलं. दाढीवाल्याने हे कधी सांगितलं नव्हतं. अंगात नुसता उत्साह सळसळत होता. सगळं कसं जिथल्या तिथे, नेमकं, आणि माय बघत होती.

मग मी खिशातून चकमक काढली. उन्हात ती चमकली. मायकडे एकदा बघितलं, गारगोटीच्या धारेवर जळकी चिंधी धरली आणि चकमक ओढली.

काही नाही.

पुन्हा ओढली. नुसता खर्र आवाज. पुन्हा. गारगोटी बदलली, नवी धार फोडली. दहा, वीस, तीस घाव. एका घावाला बोटाचं सालटं निघालं, रक्त आलं, ठिणगी आली नाही. घामाचा थेंब चिंधीवर पडेल म्हणून मी मान वळवली तर मायचा अडकित्ता कट्, कट् वाजत होता. ती सुपारी कातरत माझ्याकडे बघत होती.

चकमक डोळ्यांजवळ नेली. जिथे गारगोटी लागली होती तिथे खोल ओरखडे होते. कानशीवर ओरखडे? कानशीवर इतका खोल ओरखडा उठतच नाही. तोच तर तिचा गुण. पण डोकं अजून कबूल करायला तयार नव्हतं.

"कुणाकडून वाकवून घेतलीस ती?" मायने विचारलं.

"वेल्डरकडून. लाल करून."

"अन् पाणी पाजलं का तिला?"

ती पुढे सांगायला लागली, अगदी साध्या आवाजात. "लोहाराकडं मोळी टाकाया जायची तवा भात्यापाशी बसून राहायची मी. लाल केलं की त्यो पाण्यात घालायचा, चर्र वाजायचं. म्हणायचा, पाणी नाय पाजलं तर इळ्याचं काय अन् खिळ्याचं काय, समदं सारखंच."

लाल करून वाळूत सावकाश निववलेलं पोलाद मऊ पडतं. हे मला माहीत नव्हतं? हे मी रोज आठ तास तपासते! याच कारणासाठी मी लोकांचे लॉट परत पाठवते, वर त्यांना फोनवर शिकवते की हार्डनिंग म्हणजे काय. आणि आयुष्यात स्वतःसाठी केलेला एकच पार्ट न तपासता आणला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी ती चकमक वाळूत भिरकावली आणि स्वतःलाच अशी शिवी हासडली की माय म्हणाली, "अगं, वंदना करून आलोय."

बरं, चूक कळली तरी उपाय काय? ती पुन्हा लाल करून पाण्यात बुडवली की झालं, पाणी डब्यात होतंच. पण लाल करायला जाळ हवा, आणि जाळासाठीच तर चकमक हवी. मला एकदम हसू फुटलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणीच आलं. माझं सगळं गाठोडं डोळ्यांसमोर आलं. गाठींची दोरी, रंगाच्या डब्याची चूल, साहेब. भंगारवाला ते वजनावर घेणार होता.

कट्, कट्. मी वर बघितलं.

"माय," मी म्हटलं, "तुझा अडकित्ता कशाचा आहे?"

तिचा हात थांबला. "कानशीचा. लोहारानंच केला. दोन मोळ्या टाकल्या होत्या त्याच्या भट्टीला. म्हणाला, काय देऊ? म्हटलं, अडकित्ता दे." तिने तो मिटला. "जन्मभर सरपण वाह्यलं. माझ्या सवताच्या हातात त्यातलं एवढंच राह्यलं."

आता मागू कशी? पण खोटंही बोलवेना. "त्याने ठिणगी पडेल. पण लोहार पाणी पाजतो ते धारेला, पाठ मऊ असणार, पाठीवर मारून काही होणार नाही. धारेवरच मारावं लागेल. आणि धारेला खाच पडेल. नक्की पडेल."

माय उताराकडे बघत राहिली. मला वाटलं आता ती उठेल, लुगडं झटकेल आणि म्हणेल, चल घरी. तिला म्हणायचा हक्क होता.

तिने अडकित्ता पूर्ण उघडला, पदराने पुसला आणि माझ्यापुढे धरला. "टोकाकडं मार. सुपारी मुळाकडं कातरते मी."

"अट मोडली असं होईल बघ."

"काडीला हात लावणार नाय म्हटलं होतं. ही काडी हाय का?"

मी जळकी चिंधी रानशेणीवर ठेवली, अडकित्ता तिच्यावर तिरपा धरला आणि गारगोटीची धार त्याच्या धारेवरून ओढली. पहिल्याच घावाला ठिणगी! एकच, बारीक, पण लाल. ती चिंधीच्या बाजूला पडून विझली. "पडली!" मी ओरडले. "पडली की गं!" माय ओरडली. दगडावरून उठून ती माझ्याशेजारी वाळूत येऊन बसली होती, ते मला नंतर कळलं. दुसरा घाव, तिसरा. चौथ्याला दोन ठिणग्या एकदम उडाल्या आणि त्यातल्या एकीने चिंधीत घर केलं.

लाल ठिपका. मोहरीएवढा. मग मुगाएवढा. मी चिंधी गवताच्या घरट्यात घातली, रानशेणीचा चुरा वर टाकला, ओंजळीत धरून फुंकायला लागले.

"हळू," माय म्हणाली. "दम लागल्यावाणी नको फुंकू. लेकराच्या डोळ्यात कचरा गेल्यावर फुंकतीस तसं."

मी तसं फुंकलं. पांढरा धूर, मग पिवळा दाट धूर, मग हाताला चटका आणि भप्पकन जाळ! मी ते पऱ्हाट्यांखाली सरकवलं. पऱ्हाट्या तडतडल्या, जाळ वर आला, डब्याच्या बुडाला लागला. मी उठून त्या ओढ्यात नाचले. खरंच नाचले, पंचेचाळीस वर्षांची बाई, बोटाला रक्त, तोंडाला काजळी. माय हसून हसून खोकायला लागली. इतकी हसलेली मी तिला गॅस आला त्या दिवसानंतर बघितली नव्हती.

पाण्याला आधण आलं. साखर, पत्ती, घरून आणलेलं दूध. उकळी वर यायला लागली तसा जाळ थोडा मंद झाला, आणि मायचा हात पुढे गेला, शेजारचं लाकूड आत सारायला. आपोआप गेला. लहानपणापासून त्या हाताला तीच सवय होती. मी तिचं मनगट धरलं.

"तू बस," मी म्हटलं. "मी घालते."

"व्हय, व्हय," ती म्हणाली आणि हात मागे घेतला. मग त्या हाताचं काय करावं ते तिला कळेना. थोडा वेळ गुडघ्यावर ठेवला, थोडा वेळ पदर सारखा केला, शेवटी मांडीवर दुसऱ्या हाताशेजारी ठेवून दिला.

मी लाकूड आत सारलं. चहा स्टीलच्या पेल्यात गाळून तिला दिला. धुराचा वास होता, पत्ती जरा जास्त झाली होती. तिने दोन्ही हातांत पेला धरला, एक घोट घेतला. ती जाळाकडे बघत होती. मीही बघत होते. पेला अर्धा झाला असेल तेव्हा म्हणाली, "जाळ असा दिसतो व्हय गं."

"म्हणजे?"

"लई जाळ लावले. त्याच्याम्होरं रिकामी कधी बसलेच नव्हते. एक डोळा भाकरीवर, एक तुझ्यावर." तिने अजून एक घोट घेतला. "बरा दिसतो."

मागच्या रविवारी मी तिला काय बोलले होते ते आठवलं, माफी मागावी असं वाटलं. मी नुसती तिला टेकून बसले. तिने मला बाजूला केलं नाही.

मग जाळावर पाणी ओतलं, राख हाताने चाचपून वाळूत पुरली, साहेबांची घडी घातली. वाळूत पडलेली चकमक मायनेच शोधून काढली आणि माझ्या पिशवीत टाकली. "तिला पाणी पाज घरी गेल्यावर," म्हणाली. अडकित्त्याच्या टोकाला चार बारीक खाचा पडल्या होत्या. तिने त्यांच्यावरून अंगठा फिरवला, चंचीत ठेवला, चंची कमरेला खोचली.

स्कूटी चालू करण्याआधी मी विचारलं, "मग? भंगारवाल्याला काय सांगू?"

ती मागे बसून पदर खोचत होती. "भंगारवाल्याला कशाला काय सांगायचं?" म्हणाली. "पुढच्या रविवारी वंदना झाली की येऊ. चहात आलं घालत जा जरा. अन् सरपण तूच वेचायचं. मी आपली बसणार."